नाथाजींचा हात

नाथाजी गेल्यावर महिन्यानं अण्णाप्पाकाका मिरजेहून कुंडलला आले, ते जीप बघायलाच. दोघं पलटणीच्या वर्कशॉपात एकत्र घडलेले. सुटून आल्यावर नाथाजींनी लिलावातल्या जीपला मोडीतल्या इंजिनाचा ब्लोअर बसवला होता. इंजिनात हवा दाबून भरायचं ते यंत्र. चढाला जीप उसळायची, पण शिट्टी अशी घालायची की गाव दारात यायचं.

"हळू चालवली तर शहाणी. ॲक्सिलेटर दाबला की मान टाकते," नाथाजींची लेक बनुबाई म्हणाली.

काकांनी प्लग काढले. काजळीनं माखलेले. "प्येट्रोल लय, हवा कमी. कार्बुरेटर?"

"आबांनी तीनदा खोलला."

"हवेची जाळी?"

"रोज धुवायचे."

पुढचं उत्तर तिला ठाऊक होतं. वैशाखात साताऱ्याची माणसं तिला बघायला येणार होती. त्यांना किर्लोस्करवाडी स्टेशनवरून आणायचं होतं. शिकलेली मुलगी आणि ही भोंगा वाजवणारी गाडी! शिट्टी दबावी म्हणून तिनं हवेच्या नळीत रुमाल कोंबला. संध्याकाळी काढायला गेली, तर रुमाल नव्हता. पडला असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी जीप मान टाकू लागली आणि तिला कळलं, रुमाल आत ओढला गेलाय. त्या दिवशी ती लाजेनं बोलली नाही. मग काल का बोलले नाही, याची लाज.

स्थळ जमलं नाही ते नाहीच. आबा मात्र दोन महिने जीपखाली होते. शेवटी सांगलीला कोंडीबाच्या गॅरेजात सगळ्यांदेखत म्हणाले, "हात गेला माझा." पाने तिथंच ठेवून आले.

काकांनी नळी सोडवली, इंजिन चालू केलं. ते स्वच्छ डरकाळलं. मग त्यांनी नळीच्या वाकणात तार घातली. तेलकट चिंधी बाहेर आली.

"उंदराचं काम!" काका हसले. "नाथ्या, नळीकडं न्हाई बघितलंस व्हय रं? म्हाताराच झाला हुतास गड्या."

गप्प राहिलं असतं तर संपलं असतं.

"उंदीर नाही, काका. मी घातला."

काकांचं हसू थांबलं. "त्याला म्हायती हुतं?"

"नाही."

"तुला?"

"दुसऱ्या दिवसापासून."

काकांनी नळी बसवली, हात पुसले. "बस गाडीत. कोंडीबाकडं जाऊ."

"तुम्हीच सांगा ना, काका."

"मी सांगितलं तर मेलेल्या दोस्ताचं कौतुक हुईल. तुझं तू सांग."

गॅरेजातली चार माणसं काम टाकून उभी राहिली. कोंडीबानं बाकावरची हत्यारं सरकवली. "नाथाजीची लेक न्हवं? बस, बाई."

ती बसली नाही. "आबांचा हात गेला नव्हता, मामा."

"न्हवताच गं. आमाला काय ठावं न्हाई? उगंच म्हनायचा त्यो."

"तसं नाही. पुरतं ऐका," ती म्हणाली, आणि वैशाखातल्या त्या सकाळपासून सांगू लागली.