जळका वास

गादीवाल्याच्या बायकोला जळका वास आला, की समजायचं, कुठेही काही जळत नाहीये. लग्नाच्या पहिल्या वर्षी हा बहाद्दर पाण्याची बादली घेऊन घरभर धावला होता. ती बिचारी उंबऱ्यात उभी राहून एकटक बघत होती, तोंडात काही नसताना चघळत होती, आणि मग धाडकन पडली. डॉक्टरांनी त्याला समजावलं, "फिट म्हणजे दर वेळी हातपाय झाडणं नव्हे. कुणी नुसतं हरवल्यासारखं बघत राहतं. मेंदूत वास ओळखणारा एक कोपरा असतो, हिची फिट तिथून निघते. तो वास म्हणजेच फिटची सुरुवात. विस्तव शोधत बसू नका, आधी हिला आडवं करा."

त्याने खूणगाठ बांधली. ती "जळतंय" म्हणाली की कात्री आणि दाभण लांब सारायचं, तिला डाव्या कुशीवर निजवायचं आणि पाठीवर हात ठेवायचा. गिऱ्हाईक बोलत असलं तरी त्याचे हात आपोआप चालत.

त्या दिवशी थंडी मरणाची होती. घराला लागूनच दुकान, त्याची दारंखिडक्या घट्ट बंद. सकाळपासून त्याचं डोकं ठणकत होतं. ते चष्म्यामुळे, असं त्याचं म्हणणं. भिंतीपाशी खोळी शिवत बसलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीने कपाळाला फडकं आवळलं होतं; तिच्या मते ते पित्त. आता एका खोलीत दोन डोकी एकाच वेळी उठावीत, याचं एखाद्याला नवल वाटलं असतं. पण आपलं दुखणं म्हणजे आपली खासगी इस्टेट, ती कोण दुसऱ्याशी जुळवून बघतो?

जेवणं झाल्यावर बायको आतून आली आणि दारातच थबकली. "अहो, जळतंय."

त्याने सुई टोचून ठेवली, चष्मा काढला आणि तिला समोरच्या गादीवर कुशीवर निजवलं. जुनाच कापूस काल संध्याकाळी पुन्हा पिंजून ती गादी भरलेली. पिंजताना मशीनमध्ये काहीतरी कट्‌कन वाजलं होतं. कापसात खिळे ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाचा त्याने उद्धार केला होता आणि तो ते तिथेच विसरला होता.

तो फिटची वाट बघत बसला. फिट येईना. तिचे डोळे स्वच्छ होते आणि ती सरळ त्याच्याकडे बघत होती. इतक्या वर्षांत वासानंतर ती अशी भानावर कधी उरली नव्हती. त्याला तिची भीतीच वाटली.

"अहो, मी इथेच आहे," ती म्हणाली. "वास जात नाहीये."

"फिट येईल आता. पडून राहा."

"गादी गरम आहे."

"तू निजलीयेस ना तिच्यावर."

त्याचेच डोळे मिटायला लागले. नाकाचं म्हणाल, तर बहीणभावांची नाकं लहानपणापासून कापसाच्या धुळीने केव्हाच कामातून गेली होती. बहीण भिंतीला टेकून झोपली होती, तोंड उघडं, सुई अजून बोटांत. बायकोने त्याचा हात पाठीवरून ओढला आणि गादीच्या पार टोकाला दाबून धरला. तिथे कुणीच निजलेलं नव्हतं. हात तव्यावर पडावा तसा त्याने मागे घेतला.

त्याने खोळ फाडली. जाळ नाही, आवाज नाही. कापसात एक काळं भोक, त्याला लाल कड, आणि ती कड आपली सावकाश पुढे सरकत होती. काल मशीनमध्ये खिळ्याची ठिणगी उडाली, तेव्हापासून ते असंच आतल्या आत खात बसलं होतं.

दार उघडून दोघांनी बहिणीला फरफटत बाहेर आणलं. पायरीवर ती ओकली, भावाला दोन शिव्या घातल्या, तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. डॉक्टर नंतर म्हणाले, "दोघांच्या डोकेदुखीचं कारण एकच होतं. कोंडलेला विषारी वायू. आणखी तासभर गेला असता, तर कुणाचंच डोकं दुखलं नसतं."

गोष्ट इथे संपती तर बरं होतं. पण थंडी सरता सरता, भर दुपारी बायको पुन्हा म्हणाली, "जळतंय."

आणि तो गाद्यांकडे धावला. एकेक गादी उलटली, हात खुपसून बघितला. सगळ्या गार. "काही नाही गं," म्हणत हसून वळला, तर ती शिवणयंत्राच्या लोखंडी पायापाशी पडली होती, कपाळ फुटलेलं, आणि तिच्या पाठीवर कुणाचाच हात नव्हता.

तेव्हापासून वास आला की ती लगेच बोलत नाही. आधी गुपचूप जमिनीवर बसते, कात्री लांब सारते, डावी कूस धरते, आणि मग म्हणते, "तुम्ही गाद्या बघा."