कपाटातली डम्पी लेव्हल

मी एक जुनी डम्पी लेव्हल आहे, आणि मला फार राग आलेला आहे. मित्रांनो, माझं नाव तुम्ही ऐकलं नसेल. तीन पायांच्या स्टँडवर बसवलेली मी एक पितळी दुर्बीण. समोर कुणीतरी आकडे लिहिलेली उभी पट्टी धरतो. माझ्यातून तो आकडा वाचला की जमिनीचा चढउतार कळतो. फक्त माझ्यातून सगळं उलटं दिसतं, माणसाचं डोकं खाली आणि पाय वर. माझी घडणच तशी आहे. दोन दिवसांत डोळ्यांना सवय होते.

१९९३ साली मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात आले. तिथे अकरावी-बारावीला बांधकामाचा अभ्यासक्रम होता. चांगल्या मार्कांनी पास झालं की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळायचा. म्हणजे पुढच्या कॉलेजचं एक वर्ष इथेच कमवायचं. पहिले सर दर बुधवारी मला तलावाच्या पाळीवर न्यायचे. मला चिखल लागायचा, ओरखडे पडायचे. रंभा नावाची मुलगी माझ्यावर छत्री धरून स्वतः उन्हात उभी राहायची. ती थेट दुसऱ्या वर्षाला गेली आणि तिथल्या मुलांना लेव्हल लावायला तिनेच शिकवलं. तिचं पत्र सरांनी वर्गात वाचलं तेव्हा मी सुखावले, खोटं कशाला सांगू.

मग ते सर बदलून गेले. नव्या सरांनी मला कपाटात घालून कुलूप लावलं. म्हणाले, महागाची वस्तू आहे, पोरं तोडतील. बुधवारी ते फळ्यावर रंभाच्या वेळचेच आकडे लिहीत आणि मुलं ते सुवाच्य अक्षरात जर्नलमध्ये उतरवत. परीक्षेला बाहेरचे परीक्षक येत, मला पुसून टेबलावर मांडलेली पाहत, कोंबडीचं जेवण जेवत आणि सगळ्यांना पैकीच्या पैकी देत. माझ्या हाती असतं तर तो घास मी त्यांच्या घशाखाली उतरू दिला नसता.

२००२ साली जंगलातल्या गावचा लोकेश असाच पैकीच्या पैकी घेऊन पॉलिटेक्निकला निघाला. त्याचा बाप झिंगू धान पिकवतो, मोहफुलं वेचतो. "तीन वर्सं नाई देऊ शकत तुले," त्याने आधीच सांगितलं होतं. "दोन देतो." थेट दुसरं वर्ष मिळालं म्हणूनच लोकेश जाऊ शकला.

दीड महिन्यात तो परत आला, पॉलिटेक्निकमधून नाव काढायचा कोरा अर्ज हातात घेऊन; तो आमच्या सरांकडून भरून घ्यायचा होता. बाप फाटकापाशी उभा होता.

"काऊन रे, वापस आला?" शिपाई लटारूभाऊने विचारलं.

"तिथी लेव्हलमधून पाह्यलं तं पट्टी उलटी दिसली," लोकेश खाली बघत म्हणाला. "मी सगळ्याईसमोर म्हटलं का मशीन बिघडली हाय. सारे हासले. मास्तर म्हणाले, तू दुसऱ्या वर्साले आलाच कसा?"

लटारूभाऊने किल्ली आणली, कपाट उघडलं आणि मला खिडकीत ठेवलं. लोकेशने डोळा लावला. फाटकापाशी झिंगू डोक्यावर उभा होता.

"ही बी उलटीच दाखवते, भाऊ?"

"पह्यलेपासून उलटीच दाखवते."

"मंग मले कोणीच काऊन नाई सांगतलं?"

त्या प्रश्नाने मला माझीच लाज वाटली. दोन वर्षं तो माझ्यापासून चार हातांवर बसून आकडे उतरवत होता.

लटारूभाऊने कुणाला न विचारता मला पाळीवर नेलं. झिंगूने पट्टी धरली, लोकेश आकडे वाचू लागला. आधी चुकला, मग जमू लागलं. तेवढ्यात सर धावत आले. "तुटेल ती!"

"तुटू द्या, सर," लटारूभाऊ म्हणाला. "हे पोरगं तुटलं तवा तुमी कुठी होते?"

आठ दिवस आम्ही पाळीवर होतो. नवव्या दिवशी लोकेश अर्ज कोराच ठेवून पॉलिटेक्निकला परत जायला एसटीत बसला. गेलेला दीड महिना त्याला कोण भरून देणार, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, त्या आठ दिवसांत माझ्या पायाचा एक स्क्रू खरोखरच तुटला. कुलपात मात्र माझं काहीच तुटलं नव्हतं. तुमच्या शाळेत माझ्यासारखं कुणी कपाटात असेल तर आजच किल्ली मागा.