आल्मेडांच्या रांगेतला काळा दगड

या, बसा. उभ्या माणसाशी बोलायची मला सवय नाही. मी दगड आहे. इथला तांबडा जांभा नव्हे, घाटावरचा काळा, घट्ट. माझ्यावर एका बाईचं नाव आहे म्हणून लोक माझ्याजवळ येताना चपला काढतात. माझं पहिलं आयुष्य सगळं चपलांखालीच गेलं, हे त्यांना कोण सांगणार?

फोंडाघाटच्या बाजारात एका किराणा दुकानाची मी पायरी होतो. बावीस वर्षं. शाळा मला नाही, पण पाय वाचायला मी तिथे शिकलो. जो दोन्ही पाय टेकून चपला झाडतो, तो माल घेणार. जो एकच पाय ठेवून आत मान घालतो, तो भाव विचारून समोरच्या दुकानात जाणार आणि तिथला भाव ऐकवायला परत येणार. एक गृहस्थ रोज येऊन गुळाचा खडा चाखायचे, "आज रंग बरोबर नाही" म्हणायचे आणि निघून जायचे. अकरा वर्षांत एकाही ढेपेचा रंग त्यांना पटला नाही. ते वारले त्या दिवशी मालकाने दुकान उघडलं नाही. म्हणाला, गिऱ्हाइकं पुष्कळ मिळतील, चाखणारा गेला.

तिथेच मला पास्कोल आल्मेडा भेटला. धामापूरच्या बाजूचा ख्रिस्ती माणूस, सुक्या मासळीचा व्यापारी. मालवणचे सुके बांगडे वर आणायचा आणि गूळ घेऊन खाली जायचा. पायरीवर त्याचं पाऊल पडलं की दुकानातली माणसं आधी हसायला लागायची, गोष्ट तो मागाहून सांगायचा. शेहेचाळीस सालच्या पावसाळ्यानंतर तो आला, तेव्हा मात्र पाय ओढत आला. ऐन पावसात त्याची बायको मार्सेलीन तापाने गेली होती. मागे चार वर्षांची मुलगी.

दुकानदार तेव्हा दार रुंद करत होता. मला उपटून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. पास्कोल माझ्याकडे बघत राहिला.

"हो धोंडो माका दी," तो म्हणाला. "जांभ्यार अक्षर रवणा नाय."

"अरे, पायरी आहे ती. गावाने तुडवलेली."

"म्हणानच होयो. तिका येणाऱ्या-जाणाऱ्याची भारी हौस होती."

दोन पाट्या बांगड्यांवर सौदा झाला. मी मालक असतो तर तीन मागितल्या असत्या, पण त्या दिवशी पास्कोलशी घासाघीस करायला कोणाची जीभ उचलली नाही.

नाव कोरायला जो पाथरवट मिळाला, त्याने जन्मभर पाटे-वरवंट्यांना टाकी लावलेली. त्यामुळे 'मार्सेलीन पास्कोल आल्मेडा' ही अक्षरं अशी उमटली आहेत, की अजून कोणी माझ्यावर चटणी वाटायला बसलं तर मला नवल वाटणार नाही.

आल्मेडांची ही स्वतःची दफनभूमी. चर्च लांब, मध्ये ओहोळ, पावसात शवपेटी नेता येत नसे, म्हणून त्यांच्या कोण्या पणजोबाने परवानगी काढून काजूच्या उतारावर हा तुकडा राखला. जमीन बहुतेक कातळ. मार्सेलीनसाठी शेजारच्या शंकरने दोन ठिकाणी पहार मारली, दोन्हीकडे ठणठण. शेवटी अगदी कडेला मऊ माती लागली, तिथे तिला ठेवलं. वर मी. पास्कोलची आई आपोलीन रोज येऊन मला नावं ठेवायची, "काळो धोंडो कशाक, जांभो काय वायट होतो?" सुनेचं तिला काहीच पटत नसे, सून गेल्यावरही. पास्कोलने मुलीला मुंबईला मावशीकडे धाडलं, स्वतः गोव्यात बहिणीकडे गेला आणि तिथेच संपला. आपोलीनही पुढे गेली. तिच्यावर तिच्या आवडीचा जांभ्याचा क्रूस लागला.

आता माणसांची एक खोड सांगतो. इथे दर वर्षी नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मेलेल्यांच्या दिवशी, सगळे थडग्यांना चुना लावतात. प्रेमाने लावतात, जाड लावतात. दहा वर्षांत अक्षरं बुजतात. मग ज्याची आठवण म्हणून चुना लावला त्याचं नावच दिसेनासं होतं आणि लोक म्हणतात, बघा किती स्वच्छ ठेवलंय.

पंच्याऐंशी साली आग्नेल रजेवर आला. पास्कोलच्या भावाचा मुलगा, बोटीवर कामाला. बोटीवर सगळं ओळीत असतं, म्हणून जमिनीवरही सगळं ओळीत असावं असं त्याला वाटे. दफनभूमीला नवी भिंत घालायची होती, पाद्री आशीर्वाद द्यायला येणार होता. आग्नेलने दोरी ताणली. मग आमच्याकडे बघितलं, कोणी इकडे, कोणी तिकडे, आणि त्याला ते बघवेना. त्याने शंकरच्या मुलाला, दाजीला हाताशी घेतलं आणि आम्हा अकरा जणांना उपटून एका रांगेत उभं केलं. तेही उंचीप्रमाणे. शाळेत कवायतीला करतात तसं. मी सगळ्यांत बुटका, म्हणून पहिला. पाद्री खूश झाला. आम्ही कोणाच्या डोक्यावर उभे आहोत, हे त्यानेही विचारलं नाही.

मी एकोणचाळीस वर्षं तिथे उभा राहिलो. कोणाच्या डोक्यावर, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण दगडाला विचारतो कोण?

पास्कोलची ती चार वर्षांची मुलगी म्हणजे पिएदाद. मुंबईत शिकली, शाळेत शिक्षिका झाली, लग्न केलं नाही, निवृत्त होऊन गावी आली. आज ब्याऐंशीची आहे. आल्यापासून दर वर्षी अकरा मेणबत्त्या आणायची आणि प्रत्येकाला एक लावायची. आई यांतली कुठली, हे तिला माहीत नव्हतं. कुठल्याच थडग्यापाशी ती जास्त थांबत नसे. वर्गात एकालाच पुढे बसवल्यासारखं होईल, असा काहीतरी तिचा विचार असावा. तिची इच्छा एकच होती, आईशेजारी जागा मिळावी. जन्मात चारच वर्षं मिळाली, निदान नंतर तरी.

गेल्या मे महिन्यात तिने आग्नेलच्या मुलाला, मेल्रॉयला बोलावलं. आग्नेल स्वतः तोवर आम्हा अकरांच्या पुढे, रांगेच्या टोकाला येऊन झोपला होता. मेल्रॉयला खानदानाचा इतिहास शोधायचं नवं वेड लागलेलं. तो फोन, फीत आणि कागदांची सुरळी घेऊन आला. त्याने कुठेतरी वाचलं होतं, की थडग्याला पीठ चोळलं की बुजलेली अक्षरं दिसतात. त्याने दाजीच्या बायकोकडून, यशोदेकडून तांदळाचं पीठ मागून आणलं आणि आम्हाला चोळलं. अक्षरं दिसली नाहीत. मुंग्या आल्या.

"मेल्या, घावणे खाऊचे सोडून पीठ मेलेल्यांका चोळतंस?" यशोदा म्हणाली आणि करवंटी घेऊन खरवडायला बसली. जांभ्याच्या थडग्यांवर चुन्याबरोबर अक्षरंही निघून आली. माझ्यापाशी पोचल्यावर करवंटी कर्रकन वाजली. खाली काळा दगड, आणि दगडावर नाव.

मेल्रॉयने मोठ्याने वाचलं. पिएदादने चष्मा पुसला, स्वतः वाचलं, मग माझ्यावर हात ठेवून खाली बसली. तिचा हात किती वेळ होता ते सांगत नाही.

"इथे माझी जागा आख," ती मेल्रॉयला म्हणाली. "आजच. मी रात्रीतून मेले तर घोळ नको."

मेल्रॉयने दोरी काढली आणि एक टोक दाजीकडे दिलं. दाजी आता सत्तरीचा. तो दगडांच्या गडग्यावर बसला होता, तसाच बसून राहिला.

"धरा की, दाजीकाका."

"माझ्यान धरवायची नाय."

"कंबर दुखते का?"

"कंबर बरी आसा." दाजीने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "टीचर, हय तुमची आवस नाय. धोंडो तिचो, पण खाली आपोलीन आजी आसा."

पिएदादने हात उचलला. आपोलीनच्या कथा मावशीने तिला मुंबईत ऐकवल्या असणार.

दाजीने मग सगळं सांगितलं. दोरी, रांग, उंची. "मियाच उचललंय हे धोंडे. दोन दिवसांनी आग्नेलबाबाक आठावला, काळो धोंडो होतो ती जागा भितीच्या भायर गेली. भित तर उभी रवली. माका म्हणालो, पुढच्या रजेक येतंय नि नीट करतंय, तवसर खंय बोला नको."

"मग?" मेल्रॉयने विचारलं. त्याच्याच बापाची गोष्ट होती ती.

"मगे एका रजेक भयणीचा लगीन. एका रजेक पाऊस. एका रजेक तो म्हणालो, आता उकरून कशाक काढूचा. मगे तो आपणच हय इलो."

"आणि तुम्ही गप्प बसलात," पिएदाद म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. वर्गातली मुलं याच आवाजाला घाबरत असतील. "मी दर वर्षी येत होते, दाजी."

"येत होतात. माका मान वर करूक जमा नाय."

"कुठे आहे ती?"

दाजी उठला. भिंतीला वळसा घालून तिला त्याच्या काजूच्या बागेत घेऊन गेला. रांगेतून मला जेवढं दिसलं ते सांगतो. ओळीने कलमं लावलेली, आणि मध्येच सात-आठ हात जागा मोकळी. पालापाचोळा झाडलेला, गवत काढलेलं. त्या जागेला गावात 'दाजीचं टक्कल' म्हणतात. चार कलमं बसतील अशी जमीन हा माणूस रिकामी का ठेवतो, म्हणून लोक त्याला हसत आले. तो म्हणायचा, खाली कातळ आसा. कातळ तिथे नव्हताच. उलट अख्ख्या उतारावरची सगळ्यांत मऊ माती तिथेच होती.

पिएदाद कडेला उभी राहिली. आत पाय टाकेना.

"माझो बापूस सांगायचो," दाजी हळू म्हणाला, "तिका ठेवली त्या दिसा तुमी सगळ्यांका विचारीत होतात, माझी मांय खंय आसा. कोणी सांगलानी नाय."

"आता सांगा."

दाजीने बोट दाखवलं. "हंयसर आसा."

ब्याऐंशी वर्षांच्या बाईने चपला काढल्या आणि ती आत गेली.

पुढचं थोडक्यात. मेल्रॉयने बापाची भिंत तीन हात फोडली आणि त्या जागेला वळसा घालून पुन्हा बांधली. आता दफनभूमीला एका बाजूला पोट सुटल्यासारखं दिसतं. दाजीने जमीन दिली. पिएदादने कागद करू म्हटलं तर म्हणाला, "एकोणचाळीस वर्सां ती माझी होती काय?" मेल्रॉय फोन बाजूला ठेवून तीन दिवस दाजीच्या ओटीवर बसला. अकरांपैकी सात जण कुठे झोपलेत ते दाजीला आठवलं. उरलेल्यांसमोर मेल्रॉयने 'ठाऊक नाही' असं लिहिलं. त्याच्या सगळ्या इतिहासात मला ते दोन शब्द फार आवडले.

मला चौघांनी उचलून मार्सेलीनपाशी आणलं. माझ्या शेजारची जागा रिकामी आहे आणि पिएदादला तिकडे यायची अजिबात घाई दिसत नाही. उलट तिची भूक वाढली आहे. ती रोज संध्याकाळी प्लास्टिकची खुर्ची घेऊन येते आणि आईला दिवसभराचं सांगते. मुंबईत मालवणी विसरली, ती आता दाजीकडून शिकते आहे. 'मला' म्हणाली की भिंतीपलीकडून आवाज येतो, "माका म्हणा, टीचर." ती म्हणते, "माका." आणि मग दोघांचंही हसू थांबत नाही.

तुमच्यासाठी एक विनंती. तुम्हीही कधी आपल्या माणसांना शोधत गावी जाल. तेव्हा थेट आमच्यापाशी येऊ नका. आधी शेजारच्या घरी चहा घ्या. खणलं कोणी, खांदा कोणी दिला, ते विचारा, आणि तो माणूस आहे तोवर विचारा. माझ्यावर विसंबू नका. मी प्रामाणिक चेहऱ्याने एकोणचाळीस वर्षं खोटं नाव सांगत उभा होतो. बाजारात असं केलं असतं, तर फोंडाघाटात मला कोणी दारात उभं केलं नसतं.

चला, आता निघा तुम्ही. ऊन उतरलंय, खुर्ची ओढल्याचा आवाज येतोय. ती आली की मी गप्प असतो. तिला तिच्या मांयशी बोलायचं असतं.