खालची पट्टी

कळफलकावर ‘प्रिंट’ लिहिलेली एक कळ असते. ती दाबली की कुठून तरी कागद बाहेर येतो, अशी माझी सरळ समजूत. म्हणून नात काव्यानं ती दाबली तेव्हा मी टेबलाखाली वाकून पाहिलं.

“अज्जा, काय शोधताय?”

“कागद.”

“कागद नाही येत हो. पडद्यावर जे दिसतंय त्याचं चित्र आत जपून राहतंय.”

पडद्यावर हिरवी चौकट होती. ‘आपण जागा स्वीकारली आहे. हा संदेश पुन्हा दिसणार नाही. स्क्रीनशॉट जपून ठेवावा.’ नर्सिंगच्या कॉलेजातली जागा. त्यासाठी पोरगी दोन वर्षं सणावारालासुद्धा पुस्तकातून उठली नव्हती.

तिचा लॅपटॉप मावशीनं दिलेला, जुना. विंडोज घातलं की तो डबक्यातल्या म्हशीसारखा बसायचा, म्हणून काव्यानं त्यात लिनक्स घातलं. तेव्हापासून तो चालतो. फक्त तारीख आणि घड्याळ असलेली पट्टी त्यात खाली नसते, वर असते. हा दोष आहे, हे आम्हाला सोमवारी कळलं.

सोमवारी यादी लागली आणि काव्याच्या नावापुढे ‘जागा नाकारली’ असं आलं. आक्षेप त्याच दिवशी पाचपर्यंत, स्क्रीनशॉटसह, प्रवेशाच्या कचेरीत समक्ष. पाचनंतर जागा पुढच्या नंबराला. आम्ही नवी पेठेत रंगीत प्रिंट काढली आणि चारला कचेरी गाठली.

लोकांनी थुंकू नये म्हणून तिथल्या जिन्यात देवांच्या चित्रांच्या फरशा बसवल्या आहेत. लोक भाविक आहेत, देव चुकवून थुंकतात. सगळे देव तांबड्या चौकटीत बसवल्यासारखे दिसत होते.

वर बिभीषणराव नावाचे कारकून होते. समोर जेवणाचा डबा उघडाच, त्यात आमटीभाताचा उरलेला गोळा, गोळ्यावर माशी. माणूस तसा प्रेमळ. बोट जिभेला लावायचं आणि कागद उलटायचा, अशी त्यांची पद्धत. आमच्या पुढच्या मोहोळच्या गृहस्थांचे सतरा कागद त्यांनी असे उलटले, मध्ये त्याच बोटानं कान साफ केला आणि पुन्हा जिभेला लावलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. तिथे मुतारी होती. मी परत आत पाहिलं.

मोहोळकरांचा स्क्रीनशॉट म्हणजे पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो होता. त्यात ते स्वतः बनियनवर, पाठीमागे ट्यूबलाइट आणि पडद्यावरून ओघळून वाळलेला चहा, एवढं सगळं स्पष्ट दिसत होतं. मजकूर तेवढा दिसत नव्हता.

“बेस हाय,” बिभीषणराव म्हणाले. “खालची पट्टी आलीया. पुढं कोण?”

काव्यानं आमची प्रिंट ठेवली. ओलं बोट तिच्यावर फिरलं आणि थांबलं.

“ह्यो स्क्रीनशॉट न्हाय.”

“स्क्रीनशॉटच आहे, सर.”

“मग पट्टी कुटं हाय?”

“वर आहे की. तारीख, वेळ, सगळं आहे बघा.”

“वर आसून काय उपयोग?” त्यांनी भिंतीकडे हनुवटी केली. तिथे प्लास्टिकमध्ये बंद केलेली सूचना होती : ‘तारीख व वेळ खालच्या उजव्या कोपऱ्यात दिसणे आवश्यक.’

“सर, हे लिनक्स आहे. ह्यात पट्टी वरच असती. आणि फाइलच्या नावातपण तारीख-वेळ आपोआप पडती. लॅपटॉप आणलाय, दाखवू का?”

“नाव काय, कोन बी कायबी ठेवतंय. माजं नाव बिभीषण हाय, म्हनून मी लंकेचा हाय व्हय?”

मोहोळकर हसले. पावती मिळालेला माणूस कशालाही हसतो.

“साहेब,” मी म्हणालो, “पोरीनं पट्टी खाली आणून दुसरा काढला तर?”

“पट्टी आत्ता आणते खाली, अज्जा,” काव्या म्हणाली. “पण ती हिरवी चौकट परत कुठनं आणू?” तिला रडू फुटायला आलं होतं. घड्याळात चार चाळीस.

बिभीषणरावांनाही वाईट वाटलं. त्यांनी खरंच विचार केला. तोंडातली सुपारी थांबल्यामुळे ते कळलं. मग त्यांनी खण उघडून कात्री काढली. पात्यांना गुटख्याच्या पुड्यांची भुकटी चिकटली होती.

“रडू नगं, बाळ. मानसानं मानसाचं काम करायचं आसतंय.”

असं म्हणून त्यांनी प्रिंटची वरची पट्टी सरळ कापली. गोंद संपला होता. त्यांनी माशी उडवली, गोळ्यातली चार शितं उचलली, अंगठ्यानं रगडली आणि पट्टी कागदाच्या तळाला चिकटवली. उजव्या कोपऱ्यात वेळ, तिच्याभोवती आमटीचं पिवळं कडं. वर ‘पडताळले, मुळाप्रमाणे बरोबर’ असा शिक्का बसला.

“आता हितं सही.”

कागदासोबत छापील हमीपत्र होतं : ‘जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये मी कोणताही फेरफार केलेला नाही.’

काव्याचं पेन थांबलं. “सर, ही सही मी मघाशी केली असती. आता हे खोटं झालं की!”

“पोरी, मघाशी खोटं हुतं,” बिभीषणराव शांतपणे म्हणाले. “आत्ता खरं झालं.”

चार बावन्न. तिनं माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर मी हिला खोटं बोलू नये म्हणून सांगितलं होतं, तेही कानडी आणि मराठी दोन्हीत.

“कर,” मी म्हणालो.

तिनं केली. पालक म्हणून खाली मीही केली. कागद पुढे सरकवताना एक शीत माझ्या बोटाला लागलं. ते मी पँटला पुसलं नाही, भिंतीला पुसलं. तिथे आधीच्या पालकांची बरीच होती.

आठवड्यानं दुरुस्त यादी लागली. काव्याला जागा मिळाली. घरात हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, झाली. आमटीभाताकडे मात्र मी अजून पाहू शकत नाही. जागा नव्यानं स्वीकारावी लागली, तेव्हा पडद्यावर पुन्हा तीच हिरवी चौकट आली, पुन्हा तीच सूचना. काव्यानं ‘प्रिंट’वर बोट नेलं आणि मागे घेतलं.

“काय झालं?”

“थांबा, अज्जा.”

तिनं आधी पट्टी ओढून खाली आणली. मग कळ दाबली.