सर्वनामाची चूक

चष्मेवाल्याने पैलवानाला दोन्ही हातांनी उचलून डॉक्टरीणबाईंच्या स्टीलच्या टेबलावर ठेवलं आणि शर्टावरचे केस झटकले.

"याचं पोट फार सुटलंय हो. खातो तर नेहमीएवढंच."

डॉक्टरीणबाईंनी मांजराच्या पोटावरून बोटं फिरवली, एका जागी थांबवली आणि हळूच शेपटी वर करून पाहिलं.

"याचं नाही, हिचं. आणि पोट सुटलेलं नाही. आत तीन तरी पिल्लं आहेत."

पैलवान जांभई देऊन आडवा झाला. म्हणजे आडवी झाली. भिंतीशी उभ्या असलेल्या चष्मेवाल्याच्या बायकोला आधी हसू आलं. मांजर दुकानामागे सापडलं तेव्हा पहिल्या नजरेत 'बोका आहे' असं छातीठोकपणे सांगणारा नवराच होता.

"तू लोकांना चष्म्याचे नंबर काढून देतोस ना रे?" ती म्हणाली.

"त्यांना मी अक्षरं वाचायला लावतो. हिने कुठे काय वाचलं?"

"किती दिवस आहेत?" तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"आठ-दहा. दोन दिवस इकडेतिकडे. घरात कुणीतरी हवं मात्र. पहिलटकरीण आहे."

समुद्रावर जायला सहा दिवस उरले होते. पाच दिवसांसाठी घर घेतलेलं होतं, नणंदेचं बिऱ्हाडही येणार होतं. हिशेब करायला कागद लागला नाही.

त्या दिवसापासून घरात दोन शब्द बदलले. पहिला सगळ्यांच्या लक्षात आला. 'तो पैलवान'ची 'ती पैलवान' झाली. लेक दिवसातून दहा वेळा चुकायची आणि स्वतःच खिदळायची. दुसरा शब्द फक्त चष्मेवाल्याच्या बायकोला ऐकू आला. ती छापखान्याची प्रुफं तपासायची, वीस वर्षं, डोळ्यांत तेल घालून. पानावरची चूक तिला शोधावी लागत नसे, चूकच तिला खुपायची.

कालपर्यंत नवरा म्हणत होता, "आपण पहाटेच निघू, म्हणजे ऊन लागणार नाही." आज जेवताना म्हणाला, "आम्ही पहाटेच निघू." लेकीने विचारलं, "आम्ही मोठी बॅग नेऊ का?" आणि संध्याकाळी नणंदेचा फोन आला, तो तर थेट आभाराचाच.

"वहिनी, तू आहेस म्हणून आम्हाला घोर नाही बघ."

कुणी तिला विचारलं नव्हतं. कुणी 'तू थांब' असंही म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. याआधीच्या तीन सहली अशाच गेल्या होत्या. एकदा सासऱ्यांचा प्लास्टरमधला पाय, एकदा घराचं रंगकाम, एकदा एका जाडजूड शब्दकोशाची शेवटची प्रुफं. समुद्र तिने शेवटचा पाहिला तेव्हा लेक कडेवर होती. आता लेक तिच्याहून चार बोटं उंच झाली होती. तिला वाईट वाटलं. भांडी विसळताना मग राग आला, आणि राग आल्यावर तिला जरा बरं वाटलं.

पुढचे दिवस तिने कामात घालवले. खोक्याला एका बाजूने दार कापलं, आत जुन्या चादरीचे थर घातले, कपाटाच्या आडोशाला ते ठेवलं. पैलवानने एकदा वास घेतला आणि सरळ चष्मेवाल्याच्या पायजम्यांच्या खणात जाऊन बसली. तिला तिथून काढायला गेलं की ती फुसफुस करायची. फक्त चष्मेवाल्यावर करायची नाही. तो हात पुढे करायचा आणि ती आपली हनुवटी त्याच्या तळहातावर टेकवायची. हेही बायकोने पाहून ठेवलं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी फ्रिजच्या दारावर एक कागद दिसला. चष्मेवाल्याने मोठ्या प्रेमाने लिहिलेला, डोळे तपासायच्या तक्त्यासारखा, वरचं अक्षर मोठं आणि खाली बारीक होत गेलेला. 'आईसाठी सूचना. आम्ही गेल्यावर.' खाली डॉक्टरीणबाईंचा नंबर, कोमट पाणी, स्वच्छ फडकी, पिल्लांना उगाच हात लावू नये, खोलीत आवाज नको. एकही गोष्ट सुटली नव्हती. डॉक्टरीणबाईंना त्याने दोनदा फोन करून विचारलं असणार.

तिने लाल पेन आणलं. कागद दारावरच ठेवून वरून खाली वाचला, सवयीने. 'पिल्लाना' वर अनुस्वार दिला. 'कोमठ'चा कोमट केला. मग वर गेली आणि 'आई'वर आडवी रेघ मारून समासात लिहिलं, 'बाबा'.

चष्मेवाला चहाचा कप घेऊन आला आणि कागदासमोर थबकला. चष्मा कपाळावर चढवून त्याने जवळून पाहिलं, मग चष्मा खाली घेऊन लांबून पाहिलं.

"'आम्ही' तसंच ठेवलंस," तो म्हणाला.

"ते बरोबर आहे."

चहावर साय धरली.

"अगं, पण मला काय कळतं त्यातलं?"

"मलाही नाही कळत. सगळं त्यात लिहिलंय. तूच लिहिलंयस."

"आणि ताई काय म्हणेल?"

"म्हणेल, तू आहेस म्हणून घोर नाही."

आतल्या खोलीत खणातून पैलवान ओरडली. तो कप तसाच ठेवून आत गेला. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, जरा पडलेला.

"तुझी ती निळी टोपी कुठेय? तिकडे ऊन फार असतं."

तेवढ्या एका वाक्यावर तिचा उरलासुरला राग गेला. पण बॅग तिने उघडली नाही. ती रात्रीच भरून झाली होती, टोपीसकट.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती घोटाभर पाण्यात उभी होती. नणंद काठावर मुलांच्या मागे धावत होती. लेक शेजारी शिंपले वेचत होती. फोन थरथरला. चष्मेवाल्याचा निरोप होता.

'आम्ही पाच जण ठिक आहोत. एक काळं आहे. माझ्या पायजम्यांचं काही खरं नाही.'

तिने तो दोनदा वाचला. 'आम्ही'पाशी तिची नजर थांबली. त्या खणाभोवती आता एक पूर्ण घर होतं आणि त्यात ती नव्हती. आश्चर्य म्हणजे, तिला ते आवडलं.

लेकीने फोनमध्ये डोकावलं.

"आई, 'ठीक' चुकलंय बाबांचं."

"असू दे," ती म्हणाली, आणि कपडे गुडघ्यापर्यंत वर धरून आणखी दोन पावलं आत गेली.