डाव्या बाजूचा नमुना

"जवस ओलं झालं असणार," असं स्वतःशीच म्हणत शिवणबाईने पिशवीची शिवण उसवली.

दाणे ताटलीत घरंगळले. सुटे, खडखडीत कोरडे. मघाशी बोटांना लागलेली गाठ कुठेच नव्हती. तिने ते पुन्हा भरले, शिवले, चाचपले. बगलेकडच्या अंगाला, खालून दोन बोटांवर, गाठ होती तशीच होती. शिवाय पिशवी कोमट लागत होती. जवसाची पिशवी उन्हाळ्यातही गार असते, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

हॉस्पिटलच्या शिवणखोलीत ती सत्तावीस वर्षं चादरी, गाऊन आणि या पिशव्या शिवत होती. कॅन्सरपायी स्तन काढलेल्या बायका त्या ब्लाउजच्या आत घालत. माप द्यायला बहुतेकजणी लाजत, "अंदाजाने शिवा" म्हणत. मग ही बया स्वतःच्या डाव्या बाजूवरून कापलेला कागदी नमुना काढायची. शहरभर आपलीच छाती हिंडते आहे, असं म्हणून एकटीच हसायची.

ही पिशवी मात्र परत आली होती. वापरणारी वारली, सुनेने धुऊन आणून दिली.

शिवणबाईचा हात आपसूक स्वतःच्या छातीकडे गेला. डावीकडे, बगलेच्या अंगाला, खालून दोन बोटांवर. तिथेही तशीच गाठ लागली.

तपासण्या झाल्या. नवी डॉक्टरीण म्हणाली, "काकू, गाठ लहान आहे. सगळं काढायची गरज नाही. गाठ आणि भोवतीचं थोडं काढू, आणि शेजारचंच सरकवून खड्डा भरू. नंतर रेडिएशनचे शेक घ्यावे लागतील."

"म्हणजे ब्लाउजला चुण्या घालून आवळतात तसे टक्स घालायचे."

"तसंच समजा. थोडं लहान होईल, एवढंच."

"आणि ठेवलेल्यात पुन्हा आलं तर?"

"थोडा धोका असतो. आपण लक्ष ठेवू. पण तुमच्या बाबतीत सगळं काढलं म्हणून आयुष्य वाढेल असं नाही."

घरी जाऊबाईंनी एका वाक्यात निकाल लावला. "एकदाचं काढून टाक गं. या वयात कोणाला दाखवायचंय?"

शिवणबाईला आपला स्तन हवा होता, स्वतःसाठीच हवा होता, आणि तसं बोलायची लाज वाटत होती. जीव जायची भीती होतीच. तिने जाऊबाईंचं ऐकून स्वतःसाठी पिशवी शिवायला घेतली. पण जवस आत राहीना. शिवण पक्की असूनही दाणे मांडीवर यायचे. तिसऱ्यांदा सांडले तेव्हा ती वैतागली.

"नको तर नको," ती पिशवीला म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरणीने सांगितलेल्या ऑपरेशनच्या कागदावर सही करून आली.

चार महिन्यांनी ती पुन्हा मशीनवर बसली. पहिल्याच दिवशी ग्रंथालयातल्या बाई आल्या. अकरा वर्षांपूर्वीची पेशंट, तेव्हा सगळंच काढलेलं.

"ही बघा हो. मध्यंतरी आत काहीतरी टोचायचं. मग एके दिवशी ते थांबलं, आणि पिशवीच लहान झाली."

शिवणबाईने पिशवी हातात घेतली. कोमट होती. गाठीच्या जागी एक नाजूक टक्स होता. टाका तिचाच होता, घातला मात्र तिने नव्हता. 

"तुमचं राहिलं म्हणे," बाई हळूच म्हणाल्या.

"हो."

"छान झालं. माझ्या वेळी या डॉक्टर असत्या तर..." बाई खिडकीकडे बघत राहिल्या. "असू दे. नवी शिवा. तुमच्या अंदाजानेच."

शिवणबाईला फार अपराधी वाटलं. तिने खणातून कागदी नमुना काढला, त्याचे बारीक तुकडे केले आणि केरात टाकले.

"अंदाज पुष्कळ झाला," ती म्हणाली. "पडदा ओढा. आज तुमचं माप घेते."

बाई पडद्याआड गेल्या. शिवणबाईने टेप उचलली आणि आत जाण्याआधी दोन्ही तळव्यांत धरून थोडी ऊबदार करून घेतली.