होय, माझी श्रद्धा आहे

यामिलेत माझी मामेबहीण. मामा पोटापाण्यासाठी क्लीव्हलंडला गेला आणि तिथल्या कारखान्यात लागला. आपल्या उच्चारांना लोक हसतात तसं पोरीला हसू नयेत, म्हणून त्याने घरात स्पॅनिशचा शब्द काढू दिला नाही. बत्तिसाव्या वर्षी ती आमच्या उतुआदोत, डोंगरातल्या मूळ गावी, राहायला आली. चेहरा हुबेहूब आमच्या आजीचा, पण तोंड उघडलं की 'पाणी गरम झाली', 'भाऊ आली'. बेकरीवाला तिला बघून म्हणायचा, "काय गोरीबाई, आज ब्रेड आली का?" हळूहळू ती बोलेनाशीच झाली. लोक म्हणाले, शिष्ट आहे.

मला सातवा महिना लागला आणि डॉक्टरांनी अंथरुणाला खिळवलं, तेव्हा दर आठवड्याला घाट उतरून मला दवाखान्यात नेलं ते तिनेच. म्हणून बाळाची धर्ममाता तीच, हे मी कधीच ठरवलं होतं.

सासूबाईंना ते पटलं नाही. "नील्सा, उद्या पोराला रागवायची वेळ आली तर ही कुठल्या भाषेत रागावणार गं? जिला आपली भाषा नाही, तिला आपली म्हणायचं तरी कसं?"

"सासूबाई, दवाखान्यात ती माझा हात धरून बसायची. तेव्हा कुठली भाषा लागली?"

त्यांचे गाल फुगलेलेच राहिले.

बाप्तिस्म्यात धर्ममातेला बोलायचं असतं ते थोडकंच. फादर आधी सैतानाबद्दल विचारतात, तेव्हा म्हणायचं, 'होय, मी नाकारते.' मग देवाबद्दल विचारतात, तेव्हा, 'होय, माझी श्रद्धा आहे.' यामिलेतने ते दोन आठवडे घोकलं. भांडी घासताना, गाडी चालवताना तेच.

रविवारी चर्च भरलेलं. बाळ तिच्या कडेवर. फादरनी विचारलं, "तुम्ही सैतानाला नाकारता का?" नेमकं तेव्हाच बाळाने तिच्या कानातलं डूल धरून ओढलं.

"होय," ती कळवळून, खणखणीत आवाजात म्हणाली, "माझी श्रद्धा आहे!"

मग मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं, आणि सगळं चर्च हसायला लागलं. फादरनी पुस्तकाने तोंड झाकलं. यामिलेत लालबुंद. मला वाटलं, आता ही बाळाला माझ्याकडे देऊन निघून जाणार. पण ती हललीसुद्धा नाही. डूल सोडवलं आणि म्हणाली, "फादर, पुन्हा. विचारा." या वेळी नीट नाकारलं.

घरी पंगत बसली. ओल्या तुरीचा भात, भाजलेलं डुक्कर. सासूबाई नेमक्या तिच्याच शेजारी. भात वाढता वाढता म्हणाल्या, "तुझं स्पॅनिश ऐकून सैतानसुद्धा पळाला असेल हो!"

सगळे हसले. यामिलेतने घास गिळला आणि शांतपणे म्हणाली, "नाही. सैतान नाही पळाली. माझ्या शेजारी बसली, भात वाढते."

माझा हात तोंडाकडे जाता जाता थांबला. माझ्या नवऱ्याने डोळेच मिटले. आपण काय बोलून गेलो ते यामिलेतच्याही लक्षात आलं आणि ती चाचरली, "नाही... पळाला... बसला... तुम्ही नाही, आई!"

सासूबाईंनी डाव खाली ठेवला. खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या हसत होत्या. इतकं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"बघा रे हिला!" त्या कशाबशा म्हणाल्या. "जीभ अगदी माझ्या बहिणीसारखी! खा पोरी, आणखी खा."

मग यामिलेत जी सुटली ती सुटलीच. चुका ढिगाने. सासूबाई आधी प्रत्येक चूक सुधारत होत्या, मग एक सोडून एक, आणि कॉफी आली तोवर दोघी गावातल्या कुणाची तरी निंदा करण्यात गढून गेल्या होत्या.

मी ताटातला गार झालेला भात खाल्ला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. भात फार छान लागला.